झावळ्या, खोडे आणि पंचनामा: श्रीवर्धन किनाऱ्यावरील वादळी पडझडीसाठी पुनर्वापर केंद्राचे नियोजन

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या तालुक्यांतील, तसेच बाणकोट खाडीपलीकडच्या मंडणगड-दापोलीतील नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. छपरे, विजेचे खांब आणि पाणीपुरवठा ही तातडीची कामे होती. रस्त्यावर आडवे आलेले माड आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी आणि गावकऱ्यांनी कापून बाजूला केले. बाजूला केलेल्या खोडांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या वाडीपुरता उरला.

या प्रश्नाला धरून श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यासाठी वादळी पडझड आणि रानतोडीचा कचरा हाताळणारे एक स्थानिक केंद्र कसे आखावे, याचा हा अभ्यास आहे. असे केंद्र तेथे उभे आहे असा दावा येथे नाही. घटना प्रत्यक्षातली आहे, नियोजन अभ्यासापुरते आहे आणि हिशेबात घेतलेली गृहीतके त्या त्या ठिकाणी सांगितली आहेत. या किनाऱ्यावर वादळ ही एकदाच घडलेली गोष्ट नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान येऊन गेले होते आणि निसर्गनंतर एका वर्षाच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला समांतर जाताना कोकणला झोडपून गेले. तरीही दोन वादळांमध्ये दहा-अकरा वर्षे जाऊ शकतात, आणि नियोजनाची खरी अडचण या रिकाम्या वर्षांतच आहे.

पडलेल्या मालाचे स्वरूप

वादळी कचरा हा शब्द एकच असला तरी त्यात चार-पाच वेगवेगळे माल असतात. कोकणच्या वाडीत पहिला माल माडाच्या खोडांचा. पूर्ण वाढलेल्या माडाचे खोड १५ मीटर लांब आणि सरासरी पाऊण ते एक फूट जाड धरले, तर त्याचे घनफळ एक घनमीटरच्या आसपास किंवा थोडे कमी भरते आणि ताज्या अवस्थेत त्याचे वजन सहज ६०० ते ८०० किलो होते. हे खोड लाकडासारखे दिसत असले तरी सागाच्या किंवा आंब्याच्या खोडासारखे नसते. त्याचा बाहेरचा थर कठीण आणि जड असतो, गाभा मऊ, तंतुमय आणि पाण्याने भरलेला असतो. साध्या पोलादाच्या करवतीची धार या खोडावर भराभर बोथट होते, आणि मऊ गाभ्याचे तंतू यंत्राच्या फिरत्या दांड्याला गुंडाळले जातात.

दुसरा माल झावळ्यांचा, पोयींचा (माडाच्या फुलोऱ्यावरील आवरणांचा) आणि सुपारीच्या विऱ्यांचा (पानांच्या रुंद देठांचा). तो हलका, पण जागा फार खाणारा असतो. तिसरा माल पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, खोडांचा: बारीक, सरळ आणि माणसाला उचलता येईल असा. चौथा माल आंबा, फणस, काजू, जांभूळ अशा झाडांच्या फांद्या आणि मुळासकट उपटलेल्या खुंटांचा, ज्यांच्या मुळांत माती आणि जांभा दगड अडकलेले असतात. या सर्वांत मिसळलेला पाचवा माल म्हणजे घरांचा: उडालेले पत्रे, कौलांचे तुकडे, ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या फुटलेल्या शीट, विजेच्या तारा, प्लास्टिकचे कापड. ॲस्बेस्टॉसचा एक तुकडाही श्रेडरमध्ये (कातरणाऱ्या यंत्रात) गेला, तर त्याचे जीवघेणे तंतू भुशात आणि हवेत मिसळतात आणि मग ती संपूर्ण रास खत म्हणून कोणाच्याही वाडीत घालण्याच्या लायकीची राहत नाही. तारेचा तुकडा यंत्राची पाती मोडतो. म्हणून या पाच मालांची वर्गवारी वाडीच्या बेड्यापाशीच (फाटकापाशीच) व्हायला हवी. एकदा ट्रकमध्ये सगळे एकत्र भरले गेले की केंद्रावर ते वेगळे करण्याचा खर्च कोणत्याही खताच्या विक्रीतून निघत नाही.

येथे स्थानिक वहिवाटीचा एक मुद्दा लक्षात घ्यायला हवा. यातील बराच माल कोकणात पूर्वीपासून कचरा समजला जात नाही. झावळ्यांची झापे विणली जातात, विऱ्यांची पाने-पत्रावळी होतात, पोफळ चिरून पन्हळ आणि मांडवाच्या रिपा निघतात, जुन्या माडाच्या बाहेरच्या कठीण भागाचे वासे निघतात आणि फांद्या-पाला भातशेतीच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) जातो. केंद्राने या वापरांशी स्पर्धा करू नये. साध्या वर्षात हे वापर आधी भागतील आणि उरलेलेच केंद्रावर येईल, असे धरूनच क्षमता ठरवावी.

पंचनाम्याची गाठ

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की झाडे पडली, मजूर आणले, वाडी साफ झाली. प्रत्यक्षात नुकसानभरपाई पंचनाम्यावर अवलंबून असते आणि पंचनामा पडलेल्या झाडांच्या मोजणीवर. त्यामुळे तलाठी आणि कृषी सहायक वाडीत येऊन जाईपर्यंत बागायतदार झाड हलवायला धजत नाही, आणि त्याचे हे वागणे पूर्णपणे शहाणपणाचे असते. निसर्गच्या वेळी त्यात टाळेबंदीमुळे मजूर मिळत नव्हते, अनेक गावांत वीज कित्येक आठवडे आली नाही आणि ११ जूनला मोसमी पाऊसही राज्यात दाखल झाला. वादळ आणि पावसाळा यांच्यात जेमतेम आठवडाभराचे अंतर होते. ज्या काळात कोरडे राहून सर्व काही सुकवता आले असते, तो काळ मिळालाच नाही.

मदतीच्या दराचाही कचऱ्याशी थेट संबंध आहे. राज्य सरकारने फळबागांसाठीची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. पण दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. १० गुंठ्यांच्या वाडीला या दराने सुमारे ५,००० रुपये येतात, आणि त्या वाडीत १० माड पडले असतील तर त्यांची खोडे कापून बाहेर काढण्याची मजुरीच त्याहून जास्त होऊ शकते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत ढिगारे हटवण्याची तरतूद आहे, पण ती सार्वजनिक जागांपुरती. खाजगी वाडीतील खोड हा मालकाचा प्रश्न ठरतो. म्हणजे ज्या मालाचे प्रमाण सर्वांत मोठे, त्याच मालासाठी पैसा सर्वांत कमी, अशी ही रचना आहे.

यावरून नियोजनाची पहिली शिफारस निघते आणि ती यंत्राबद्दल नाही. पंचनामा आणि कचऱ्याची पावती ही दोन्ही कामे एकाच भेटीत व्हावीत. झाडाच्या बुंध्यावर रंगाने क्रमांक घालावा, स्थाननोंद असलेले छायाचित्र घ्यावे, मालकाची सही घ्यावी, आणि त्याच क्रमांकाची चिठ्ठी खोडासोबत केंद्रापर्यंत जावी. मग खोड हलवल्याने पुरावा नष्ट होण्याची भीती राहत नाही आणि केंद्राला कोणत्या वाडीतून किती माल येणार याचा आकडा आठवडाभरात मिळतो. यासाठी महसूल, कृषी आणि स्थानिक संस्था यांनी एकच नमुना-अर्ज मान्य करणे पुरेसे आहे. हे काम वादळाआधी कागदावर झाले नाही, तर वादळानंतर होत नाही.

भुंग्याचे वेळापत्रक

पडलेली खोडे तशीच राहिली तर काय बिघडते, असे कोणी विचारू शकेल. कुजून ती शेवटी मातीच होणार. नारळाच्या पट्ट्यात याचे उत्तर गेंड्या भुंगा हे आहे. हा भुंगा कुजणाऱ्या खोडांत, शेणखताच्या खड्ड्यांत आणि पाल्याच्या ढिगांत अंडी घालतो. आठ-बारा दिवसांत अळ्या बाहेर पडतात, त्या कित्येक महिने कुजक्या मालावर वाढतात आणि अंड्यापासून प्रौढ भुंगा होईपर्यंत हवामानाप्रमाणे साधारण चार ते सहा महिने जातात. प्रौढ भुंगा मग जिवंत माडाच्या कोवळ्या कोंबात शिरून तो कुरतडतो, आणि ती पाने उघडली की कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी छाटलेली दिसतात. वाचलेल्या माडांना वादळाने जखमा झालेल्याच असतात. त्या जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याचा हल्ला बहुधा माड मेल्यावरच कळतो. वादळानंतर नव्याने लावलेल्या रोपांना तर दोन्ही शत्रूंचा सामना पहिल्याच काही वर्षांत करावा लागतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पडलेले खोड कुजायला काही आठवडे लागतात आणि त्यानंतर अंडी पडतात, असे धरले तर पहिली पिढी बाहेर पडण्यापूर्वी खोडांची विल्हेवाट लावायला साडेतीन ते चार महिने हाती असतात. सुरक्षित नियोजनासाठी १०० कामाचे दिवस धरावेत. हे सर्व दिवस पावसाळ्यात येतात, जेव्हा कोकणात सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. केंद्राचे सगळे माप या एका अटीवरून ठरते.

या मुद्द्याची उलट बाजूही स्पष्टपणे सांगायला हवी. केंद्राच्या आवारातील कुजणारे ढीग हे भुंग्यासाठी पट्ट्यातील सर्वांत मोठे आमंत्रण ठरू शकतात. शेजारच्या वाडीवाल्यांनी या कारणावरून विरोध केला तर तो अडाणीपणा म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्यामुळे कोणताही ढीग आवारात ९० दिवसांहून अधिक न चाळता ठेवायचा नाही, प्रत्येक ढिगात मेटारायझियम या भुंग्याच्या अळ्यांवर वाढणाऱ्या बुरशीचा वापर करायचा, ढीग उलथताना सापडलेल्या अळ्या वेचायच्या आणि तयार खत जाळीखाली ठेवायचे, हे नियम करारात लिहिलेले असावेत. कामगंध सापळे लावायचे असतील तर ते वाड्यांपासून दूर लावावेत, कारण सापळा भुंग्यांना पकडण्याआधी जवळ बोलावतो.

साधे वर्ष आणि वादळाचे वर्ष

आता हिशेब. गृहीत धरू की केंद्राच्या कक्षेत १०० हेक्टर वाड्या आहेत, हेक्टरी १५० माड आहेत आणि वादळात त्यातले ४० टक्के पडले. माड झाले १५,००० आणि पडलेली खोडे ६,०००. प्रत्येक खोडाचे घनफळ ०.८ घनमीटर आणि ताजे वजन घनमीटरला ८०० किलो धरले, तर ४,८०० घनमीटर किंवा सुमारे ३,८०० टन माल झाला. पोफळी, झावळ्या आणि इतर झाडे यात अजून धरलेलीच नाहीत.

साध्या वर्षात माड वर्षाला साधारण १२ झावळ्या टाकतो. १५,००० माडांच्या १,८०,००० झावळ्या झाल्या आणि प्रत्येकी अडीच किलो सुके वजन धरले तर ४५० टन. त्यातील दोन तृतीयांश वाडीतच वापरल्या जातील असे मानले, तर केंद्रावर वर्षाला १५० टन येतात. वादळाच्या एका दुपारचा केवळ खोडांचा माल साध्या वर्षाच्या मालाच्या २५ पट आहे. आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. माडाच्या शेंड्यात सुमारे ३० झावळ्या असतात. म्हणजे पडलेल्या ६,००० माडांबरोबर १,८०,००० झावळ्या खाली येतात, जितक्या त्या सगळ्या वाड्यांत मिळून एरवी वर्षभरात पडल्या असत्या.

हीच तफावत बहुतेक आराखड्यांना फसवते. वादळ ताजे असताना निधी मिळतो, मोठे यंत्र खरेदी होते, उद्घाटन होते, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ते यंत्र शेडमध्ये गंजत असते. ताशी पाच टन माल कातरणारे यंत्र साध्या वर्षाचे १५० टन ३० तासांत संपवते. वर्षाचे उरलेले दिवस त्याच्यासाठी चालक, देखभाल आणि विमा यांचा खर्च कोण करणार? म्हणून या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष असा आहे की केंद्राची उभारणी साध्या वर्षाच्या मापाने व्हावी, आणि वादळासाठी मोकळी जागा, आधी केलेले दर-करार आणि कामाचा ठरलेला क्रम एवढेच राखून ठेवावे.

साध्या वर्षासाठी ट्रॅक्टरच्या शाफ्टवर चालणारा, ताशी अर्धा टन क्षमतेचा श्रेडर पुरतो. तो वर्षातून ३०० तास चालेल आणि वाडीवाडीतही नेता येईल. विजेच्या मोटरवर चालणारे यंत्र स्वस्त पडते, पण ज्या आपत्तीसाठी केंद्र हवे आहे तिच्यात पहिल्यांदा वीजच जाते. तेव्हा हा पर्याय येथे बाद समजावा. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, बिघडला तर दुसरा जोडता येतो, आणि एरवी इतर कामांना चालतो.

वादळानंतरच्या ६,००० खोडांपैकी एक तृतीयांश, म्हणजे २,००० खोडे, सरळ, जुनी आणि वाशांसाठी चिरण्याजोगी निघतील असे धरू. उरलेल्या ४,००० खोडांचे सुमारे २,५६० टन वजन १०० दिवसांत कातरायचे तर रोज २५-२६ टन काम झाले पाहिजे. पाच टनी यंत्रासाठी हे रोजचे पाच-सहा तासांचे काम आहे. पावसात बंद पडणारे दिवस आणि पात्यांची झीज लक्षात घेता दोन यंत्रे लागतील, आणि ती दोन्ही भाड्याची असावीत. करार कोणाशी करावा हेही विचार करून ठरवायला हवे. किनाऱ्यावरचा ठेकेदार त्याच वादळात सापडलेला असतो. घाटावरचे ब्रिकेट (भुसा दाबून केलेल्या जळाऊ कांड्यांचे) कारखाने किंवा मोठ्या महापालिकांची उद्यान खाती यांच्याकडे अशी यंत्रे असू शकतात, पण पावसाळ्यात घाटरस्त्यांवर दरडी कोसळतात हे लक्षात ठेवून यंत्र पोहोचवण्याची मुदत आणि पर्यायी मार्ग करारात लिहावा लागेल.

खोड यंत्रात घालण्यापूर्वी त्याचे एक-एक मीटरचे तुकडे करून ते उभे चिरावेत. चिरलेला तुकडा लवकर सुकतो, यंत्रावर ताण कमी येतो, आणि एखादे वेळी यंत्र आठवडाभर उशिरा आले तरी उघडा पडलेला गाभा भुंग्याला अंडी घालण्यास तितका सोयीचा राहत नाही. हे चिरकाम वाडीतच करावे. दिवेआगरच्या वाड्यांतून जाणाऱ्या बोळांत दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे (जांभा दगडांचे) गडगे असतात आणि ट्रक आत जात नाही. १५ मीटरचे खोड तेथून बाहेर काढण्यापेक्षा हातगाडीवर मावणारे तुकडे काढणे शहाणपणाचे आहे. करवत चालवणाऱ्यांना दोन सूचना मात्र कठोरपणे द्याव्या लागतात. एकमेकांवर रेललेल्या आणि ताणाखाली असलेल्या माडाचा बुंधा कापताक्षणी उसळतो, आणि जुन्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने तो हलवलाच पाहिजे, कारण फुरसे हा विषारी साप अशाच कोरड्या आडोशाला बसलेला असतो.

जागा

किनारी तालुक्यात एक-दोन हेक्टर मोकळी जागा शोधणे हे या नियोजनातले सर्वांत चिवट काम आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार त्या क्षेत्रात कचरा विल्हेवाटीची नवी व्यवस्था आणि भराव यांना मनाई आहे, त्यामुळे समुद्र आणि खाडीलगतची सपाट जमीन बाद होते. डोंगराकडे गेले की वनजमीन सुरू होते. गुरचरण कागदावर दिसते, पण तिचे हस्तांतरण न्यायालयीन निर्णयांमुळे कठीण झाले आहे आणि गावाचा तिच्यावरचा हक्कही खरा आहे. शाळेची मैदाने आपत्तीच्या वेळी निवारा आणि मदतवाटप यांसाठी लागतात.

उरतात त्या बंद पडलेल्या चिरेखाणी. त्यांचा तळ सपाट आणि टणक असतो, ट्रक जाण्याजोगा रस्ता आधीच असतो, वस्ती थोडी दूर असते आणि कडेच्या उभ्या भिंतींमुळे वाऱ्याने माल उडत नाही. दोष दोन आहेत. खाणीत पावसाचे पाणी साठते, आणि जांभा सच्छिद्र असल्याने ढिगांतून झिरपणारे काळपट पाणी खालच्या उतारावरच्या विहिरींपर्यंत जाऊ शकते. पहिल्या दोषावर एका कडेने चर काढून पाण्याला वाट देणे हा उपाय आहे. दुसऱ्यासाठी खत कुजवण्याचा भाग तेवढा काँक्रीटच्या उताराचा आणि छपराखाली असावा, तेथील पाणी टाकीत गोळा करून पुन्हा ढिगावर शिंपडावे, आणि खालच्या विहिरींच्या पाण्याची काम सुरू होण्यापूर्वी एकदा तपासणी करून नोंद ठेवावी. ही नोंद नसेल तर पुढे कोणाचेही पाणी खराब झाले की वाद सुटत नाही.

क्षेत्रफळाचा अंदाज असा. ४,८०० घनमीटर खोडे रचल्यावर फटींसह सुमारे ८,००० घनमीटर होतात. दोन मीटर उंच रचली तर ४,००० चौरस मीटर, आणि वाटा व अंतर धरून दुप्पट, म्हणजे ०.८ हेक्टर. पाला, भुसा, खत, वर्गवारीची जागा आणि यंत्रे यांसाठी तितकेच आणखी धरावे. साध्या वर्षात मात्र अर्धा हेक्टर पुष्कळ झाला. उरलेला सुमारे एक हेक्टर मालकाकडेच राहू द्यावा आणि वादळ आल्यास ठरावीक मुदतीसाठी ठरलेल्या भाड्याने ताब्यात मिळेल, असा करार करावा. एरवी तेथे पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहिल्या तरी कोणाचे काही बिघडत नाही. भुशाचे ढीग तीन मीटरहून उंच नसावेत आणि दोन ढिगांमध्ये पाण्याचा टँकर जाईल एवढी वाट हवी, कारण ओल्या भुशाचा मोठा ढीग आतून तापतो आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत स्वतःहून पेटू शकतो.

छपराबद्दल एक वेगळी टीप. वादळानंतर उपयोगी पडायचे केंद्र वादळातच पत्र्याविना उभे राहिले तर त्याचा उपयोग नाही. शेड बुटकी, चारी बाजूंनी मोकळी आणि भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातील वाऱ्याच्या भारानुसार आखलेली असावी. खर्च वाढतो म्हणून ही अट गाळण्याचा मोह होईल. त्यापेक्षा शेडचा आकार निम्मा करावा.

माल आणि त्याचे गिऱ्हाईक

झावळ्या आणि पाला केंद्रावर न आणता वाडीतच कातरून माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकणे हा सर्वांत स्वस्त पुनर्वापर आहे, आणि वादळानंतर फिरता श्रेडर नेमका याच कामाला लावावा. केंद्रावर येणाऱ्या पाल्याचे गांडूळखत करता येते. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने नारळाच्या पानांपासून गांडूळखत करण्याची पद्धत विकसित केली आहे, तिच्यात पाला आधी शेणकाल्याबरोबर काही आठवडे कुजवला जातो.

खोडांच्या भुशात मात्र कर्ब फार आणि नत्र थोडे. नुसता भुसा वर्षभर पडून राहिला तरी नीट कुजत नाही. कर्ब-नत्र गुणोत्तर २५-३० च्या आसपास आणायचे तर नत्राचा स्रोत लागतो, आणि या पट्ट्यात तो जीवना बंदर व भरडखोलसारख्या मासेमारीच्या ठिकाणी टाकाऊ मासळीच्या रूपाने मिळू शकतो. वास, माश्या आणि कुत्री हा त्याचा उघड धोका आहे. मासळी ढिगाच्या मध्यभागी घालून वर एक फूट कोरडा भुसा असेल, ढिगाचे तापमान ५५ अंशांवर जात असेल आणि तो ठरलेल्या दिवशी उलथला जात असेल, तरच हा मार्ग घ्यावा. जेथे तापमानाची रोजची नोंद ठेवणारा माणूस नेमलेला नाही, तेथे मासळी आणूच नये, शेणावर भागवावे.

ब्रिकेटसाठी भुसा विकण्याची कल्पना आकर्षक वाटते, कारण रोहा आणि महाडच्या औद्योगिक वसाहती दूर नाहीत. परंतु ब्रिकेटला कोरडा माल हवा, पावसाळ्यातला भुसा निम्मा पाण्याचा असतो, आणि नारळाच्या मालात पोटॅश व क्लोरीन जास्त असल्याने बॉयलरच्या नळ्यांवर राखेचे थर बसतात. हा मार्ग जानेवारीनंतर, सुकलेल्या आणि इतर लाकडाच्या भुशात मिसळलेल्या मालापुरता ठेवावा. वासे मात्र लगेच खपतात, कारण वादळानंतर प्रत्येक घराला छप्पर हवे असते. त्यासाठी खोड पडल्यापासून काही आठवड्यांत चिरले पाहिजे, नाहीतर ओल्या हवेत त्यावर बुरशी चढते, आणि मऊ गाभ्याची फळी कोणालाही वासा म्हणून विकता कामा नये.

रानतोडीचा माल आणि खर्चाची तोंडमिळवणी

साध्या वर्षांत केंद्र जिवंत ठेवायचे तर झावळ्यांवर भागणार नाही. रस्तारुंदीकरण, नव्या आंबा-काजू लागवडी आणि बांधकामांसाठी होणारी रानतोड हा दुसरा स्रोत आहे, आणि तो नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत, ठरलेल्या प्रमाणात येतो. यातील जाड लाकूड वखारवाले नेतात. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या तोडीला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते, तेव्हा त्या परवानगीची प्रत पाहिल्याशिवाय केंद्राने माल घेऊ नये. नाहीतर बेकायदा तोडीचा पुरावा कातरून टाकणारे ठिकाण अशी त्याची ख्याती होईल. केंद्राकडे खऱ्या अर्थाने येते ती झुडपे, फांद्या आणि खुंट. खुंट माती झाडून, एक पावसाळा उघड्यावर धुऊन निघाल्यावरच घ्यावेत, कारण मुळांतला एक चिरा पात्यांचा अख्खा संच निकामी करतो.

घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेचा कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्याची आणि त्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, आणि असा कचरा उघड्यावर जाळायला मनाई आहे. या आधारावर ठेकेदाराच्या कार्यादेशातच केंद्राची पावती आणण्याची अट घालता येते. शुल्क ठेकेदाराकडून घ्यावे, बागायतदाराकडून घेऊ नये. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात सफाईचा खर्च धरलेला असतो. बागायतदाराच्या मदतीत तो धरलेला नसतो. रानतोडीच्या शुल्कातून शेडची देखभाल, एक पूर्णवेळ व्यवस्थापक आणि दरवर्षी मे महिन्यात नव्याने करायचे दर-करार एवढे भागले, तरी केंद्र वादळासाठी तयार राहते.

कारभार श्रीवर्धन नगरपरिषदेने एकटीने घेतला तर दिवेआगरसारख्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतील वाड्या बाहेर राहतात, आणि एका ग्रामपंचायतीची ऐपत इतकी नसते. नगरपरिषद, ग्रामपंचायती आणि बागायतदारांची सहकारी संस्था यांचा संयुक्त करार हा व्यवहार्य मार्ग दिसतो, ज्यात जागा आणि परवानग्या स्थानिक संस्थांच्या, रोजचे काम सहकारी संस्थेचे आणि आपत्तीच्या काळातला आदेश तहसीलदाराचा असेल. वाद होण्याची जागा एकच मोठी आहे: चिरलेल्या वाशांची मालकी. खोड वाडीवाल्याचे, चिरकाम केंद्राचे, आणि घराचे छप्पर बहुधा तिसऱ्याचेच उडालेले असते. वाशांतील ठरावीक हिस्सा मालकाला, दुसरा छप्पर गेलेल्या घरांना तहसीलदाराच्या यादीप्रमाणे, आणि उरलेला चिरकामाच्या खर्चापोटी केंद्राला, अशी वाटणी पंचनाम्याच्या चिठ्ठीवरच छापलेली असावी. हिस्से किती टक्के असावेत हे बागायतदारांच्या सभेत ठरवावे आणि ती सभा मे महिन्यापूर्वी घ्यावी.